चष्मेवाल्यांचा स्मोकर

प्रिय वन्सं,

परवा फोनवर तू माझी चांगलीच खरडपट्टी काढलीस. पत्र नाही, फोन नाही, वहिनी आहे की हवेत विरली? मी निमूट ऐकून घेतलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर तू हसून हसून फोन खाली ठेवला असतास. आता ऐक. मी सध्या एका लोखंडी कपाटाचं तापमान सांभाळते आहे. वॉर्डात दिवसभर बाळांच्या काचेच्या पेट्यांचं सांभाळते, तेवढ्यानं हौस फिटत नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी मांसाचं. बूड टेकून बस आणि चहा जवळ ठेव. मला मुद्द्यावर यायला सगळ्या गावाला वळसा घालावा लागतो हे तुला माहीत आहे, आणि या वेळचा वळसा जरा मोठाच आहे.

आमच्या खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले तुला आठवतील. रस्त्याच्या बाजूला दुकान, त्यामागे त्यांच्या दोन खोल्या, आणि त्याही मागे आम्हा सगळ्यांचं मिळून फरसबंदी अंगण, जिथे कपडे वाळत घालतो. उंच, किंचित वाकलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या चष्म्याकडे बघणारे. आईचं करता करता त्यांचं लग्न राहून गेलं आणि आई गेल्यावर ‘आता कोण विचारतंय’ म्हणून राहिलं ते राहिलंच. इतकी वर्षं वरखाली राहून आमचं बोलणं काय, तर जिन्यातला दिवा गेलाय आणि तुमचं टपाल आमच्याकडे आलंय. तर या गृहस्थांनी एके दिवशी मांस धुरावर शिजवायचा स्मोकर विकत आणला. दिसायला थेट ऑफिसातलं फायलींचं कपाट, काळंकुट्ट. खाली शेगडी, तिला नळीने जोडलेला प्रोपेन गॅसचा सिलिंडर, शेगडीवर लाकडाच्या ढलप्यांचा डबा, त्यावर पाण्याची थाळी, मग एकावर एक जाळ्या, आणि दारावर घड्याळासारखी काट्याची तबकडी. दुकानात तोच तो चौकोनी चष्मा विकून कंटाळा आला होता म्हणे. माणसाला पन्नाशीनंतर काय काय सुचेल सांगता येत नाही.

आमची ओळख झाली ती भांडणातूनच. मी सकाळी पांढऱ्या चादरी आणि वॉर्डाचे दोन्ही गणवेश वाळत घातले आणि ड्यूटीवर गेले. परत आले तर अंगणात धुराचे लोट, माझ्या चादरी त्यात लोंबतायत आणि चष्मेवाले डोळे पुसत दाराच्या फटीतून आत डोकावतायत. ते गणवेश दोनदा धुऊनही वास काही जाईना. दुसऱ्या दिवशी हेड सिस्टरनं माझ्याजवळ येऊन नाक उडवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की मी सिगारेट कधीपासून ओढायला लागले. मी संध्याकाळी तरातरा खाली उतरले. मनात तीन मुद्दे तयार होते, पण त्यांनी दार उघडलं आणि माझ्या हातात थेट एक ताटली दिली. ताटलीत एक काळा गोळा होता. ते इतकंच म्हणाले की बाहेरून कोळसा झालाय आणि आतून कच्चा आहे, हे कसं होतं तेवढं मला सांगा, मग चादरींबद्दल काय बोलायचं ते बोला. वन्सं, भांडायला आलेल्या बाईला असा प्रश्न विचारू नये. माझं तापमानाचं डोकं चालायला लागलं आणि भांडण तिथेच राहिलं.

मी त्यांना विचारलं की तबकडी किती दाखवत होती. बरोब्बर एकशे दहा, ते अभिमानाने म्हणाले. पाव नंबरच्या फरकासाठी भिंग परत पाठवणारा माणूस तो, आकडा चुकायचा नाही. पण आम्ही वॉर्डात पहिल्याच दिवशी शिकतो की पेटीच्या भिंतीचं तापमान बघायचं नसतं, बाळ जिथे निजतं तिथलं बघायचं. त्यांच्याकडून तबकडी काढून घेतली, वर माझ्या स्वयंपाकघरात नेली आणि तिची दांडी उकळत्या पाण्यात धरली. पाणी खदखदतंय आणि काटा ऐंशीच्याही अलीकडे. म्हणजे ती बया दोन वेळ जेवून एकदाच जेवले असं सांगणारी. त्या एकशे दहाचे आत दीडशेच्या आसपास होत असणार. चष्मेवाले उकळत्या भांड्याकडे असे बघत होते जसं कुणी त्यांना सांगितलंय की दुकानातला अक्षरांचा तक्ता चुकीचा छापलाय. मग आम्ही तारेचा डिजिटल थर्मामीटर आणला. त्याची एक सळी मांसात खुपसायची, दुसरी जाळीवर मांसाच्या शेजारी लावायची आणि आकडे बाहेर बसून वाचायचे.

तुला वाटेल, झालं, सुटला प्रश्न. कुठचा सुटतोय! आता खरा आकडा कळायला लागला आणि तो ऐकून झोप उडाली. शेगडीची कळ अगदी बारीक केली तरी आतलं तापमान एकशे चाळीसच्या खाली यायला तयार नाही. मग यांनी दार जरा किलकिलं केलं, तर वारा आत शिरून ढलप्यांनी भडका घेतला. आगीतून फुफाट्यात. दार लावलं आणि भडका विझावा म्हणून वरचं धुराडंही बंद केलं, तर धूर आतच कोंडून मांस असं कडू झालं की खालच्या मांजरानेही तोंड फिरवलं. पाण्याची थाळी यांनी कोरडीच ठेवली होती, का तर म्हणे पाण्याने मांस उकडेल. मी म्हटलं, आमच्या पेटीतही पाणी असतं, ते उकडायला नसतं, हवा एकदम तापू किंवा निवू नये म्हणून असतं. मग एकेक करत घडी बसवली. थाळी गरम पाण्याने भरली. ढलप्यांऐवजी मुठीएवढे लाकडाचे तुकडे घातले आणि डब्यावर झाकण टाकलं. धुराडं पूर्ण उघडं. आणि गॅसच्या दुकानातल्या माणसाकडून नळीवर एक पितळी कळ बसवून घेतली, केसभर फिरवली तरी ज्योत तेवढीच केसभर हलणारी.

पण कळ चांगली असून भागत नाही, फिरवणारा हातही तसा लागतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी यांची तऱ्हा. आकडा जरा खाली आला की कळ वर, जरा वर गेला की खाली, आणि त्यांच्या मागोमाग आकडा झोपाळ्यासारखा हेलकावे खातोय. शेवटी मी नियम घातला. कळ एकदा फिरवली की हात मागे. चहाचा एक कप सावकाश पिऊन संपेपर्यंत कळीला हात लावायचा नाही. लोखंडाला कळायला वेळ लागतो की आपण काय केलंय. त्यांनी तो नियम इतका मनावर घेतला की दर वेळी मापून दोन कप घेऊन यायला लागले, एक माझ्यासाठी. आणि माणूस चहा पिताना गप्प तरी किती बसणार?

त्या चहांवर मला तुझ्या दादांच्या अशा गोष्टी कळल्या ज्या मलाही माहीत नव्हत्या. तुझे दादा दर दोन-तीन महिन्यांनी चष्म्यावर बसायचे हे आपल्याला ठाऊक आहे. पण तो वाकडा चष्मा घेऊन ते खाली जायचे आणि चष्मेवाल्यांना बजावायचे की वर सांगू नका, बायको म्हणेल आता याला खुर्चीच देऊ नये. आणि हे ऐक. जवळचं वाचायला चष्मा लागला हे त्यांना कबूल करायचं नव्हतं, म्हणून त्यांनी दुकानातला अक्षरांचा छोटा तक्ता चक्क पाठ केला होता. चष्मेवाल्यांनी गुपचूप तक्ता बदलला तरी हे जुनाच घडाघडा म्हणत सुटले, शेवटच्या ओळीपर्यंत. दोघं तिथे दुकानात पोट धरून हसले म्हणे. मी हे ऐकलं तेव्हा मीही हसले, इतकी की कप खाली ठेवावा लागला, आणि मग हसता हसता मला रडू आलं. चष्मेवाले उठून गेले नाहीत की समजावायलाही लागले नाहीत. खिशातून चष्मे पुसायचं मऊ फडकं काढून माझ्यापुढे ठेवलं आणि थर्मामीटरकडे बघत बसले. दादा गेल्यापासून चार वर्षांत मी कुणासमोर त्यांची आठवण काढून हसले नव्हते गं. लोक त्यांचं नाव निघालं की आवाज खाली आणतात. इथे कुणीतरी त्यांच्याबद्दल नेहमीच्या आवाजात बोलत होतं.

आता मोठ्या दिवसाची गोष्ट. आमच्या वॉर्डाचा वर्षातून एकदा मेळावा असतो, पेटीतून घरी गेलेली मुलं आईवडिलांना घेऊन हॉस्पिटलच्या हिरवळीवर येतात. मुठीत मावणारी होती ती, आता आमच्याच पायांत धावतात. या वेळी जेवणाचं बघणारा ऐनवेळी फिरला आणि हेड सिस्टर डोक्याला हात लावून बसली. माझ्या तोंडून निघून गेलं की मांसाचं आम्ही बघतो. ‘आम्ही’ म्हणजे कोण, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मी आणि एक कपाट. ती म्हणाली, धूर दिसायला लागला तेव्हाच मला वाटलं होतं, आग असणार. तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता.

खाटकाकडून डुकराच्या खांद्याचे मोठाले तुकडे आणले. आदल्या दिवशी मीठमसाला चोळून ठेवला आणि उजाडता उजाडता शेगडी पेटवली. एकशे दहा, आणि आकडा खिळ्याला टांगल्यासारखा स्थिर. चष्मेवाले खूश, मी खूश. मांसातला आकडा चढत चढत सत्तरीजवळ आला आणि तिथे जो बसला तो उठेचना. एक चहा झाला, दोन झाले, पोटात चहाचं तळं झालं तरी आकडा तिथेच. यांचा हात कळीकडे जायला लागला. मी तो धरला. मी सांगितलं, याला घाम आलाय. ताप उतरताना माणसाला घाम येतो आणि अंग गार पडतं ना, तसं मांसातलं पाणी बाहेर येतंय आणि त्याला निववतंय. घाम संपेपर्यंत थांबायचं, जाळ वाढवायचा नाही. त्यांनी ऐकलं. हात मात्र मी जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आणि तेवढ्यात वारा सुटला. सकाळपासून पान हलत नव्हतं, अन् एकदम दोरीवरचे चिमटे खडखडायला लागले. आत शेगडी विझली. आम्हाला कळलंच नाही, आकडा शंभराच्या खाली घसरला तेव्हा कळलं. चष्मेवाल्यांचा धीर सुटला. मांस अर्धवट, माणसं वाटेवर, आणि हे हातात लायटर घेऊन खाली वाकले. दार बंद, गॅस चालू. आत किती गॅस साठलाय कुणास ठाऊक. मी पायरीवर बसले होते तिथूनच ओरडले, “अहो, थांबा!”

वन्सं, तुला कळतंय ना मी काय म्हणाले ते. ‘अहो’ तर आपण बसच्या कंडक्टरलाही म्हणतो. पण हे ते ‘अहो’ नव्हतं. हे ते होतं, जे मी तुझ्या दादांना न्हाणीघरातून टॉवेलसाठी म्हणायची, रस्ता ओलांडताना म्हणायची, जे माझ्या तोंडून चार वर्षांत निघालं नव्हतं. यांना मी तोवर ‘चष्मेवाले’ म्हणत होते, तेही चेष्टेने. ते लायटर धरून तसेच थिजले. मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला, कपाटाचं दार सताड उघडलं आणि त्यांना बाजूला ओढलं. गॅस निघून जाईपर्यंत आम्ही दोघं भिंतीशी उभे होतो, वाऱ्यात. एका माणसाला घालवून बसलेली बाई मी, मला दुसऱ्याला असं डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं नव्हतं. मग ते म्हणाले, “मघाशी ते मला म्हणालात?” मी म्हटलं, “इथे दुसरं कोण आहे?” त्यांनी मान डोलावली आणि पहिल्यांदाच माझ्या चष्म्याकडे नाही, डोळ्यांकडे बघितलं.

पुढचं सुरळीत झालं. त्यांच्या दुकानाची जुनी फळी वाऱ्याच्या बाजूला उभी केली, शेगडी नीट पेटवली आणि कपाटाला पुन्हा मार्गावर आणलं. मांसाचा घामही संपला आणि आकडा आपला आपण चढला. हॉस्पिटलच्या हिरवळीवर जेवण उशिरा झालं, पण तोवर सगळ्यांना अशी भूक लागली होती की बूट वाढले असते तरी खाल्ले असते. मांस मात्र बुटासारखं नव्हतं. हाड नुसतं धरलं की सुटून येत होतं. पेटीत सगळ्यांत जास्त दिवस काढलेली एक चिमुरडी, आता समोरचे दोन दात पडलेली, तीनदा मागायला आली. चष्मेवाले पाव कापत होते आणि प्रत्येक आईला सांगत होते की तापमान सिस्टरांचं आहे, माझं नुसतं कपाट.

परत आल्यावर आम्ही अंगणात बसून जाळ्या घासत होतो. कोपरापर्यंत काळे हात, केसांत धूर. त्यांनी घासता घासता विचारलं की उरलेलं आयुष्य एकत्र काढायला मला आवडेल का. आणि मी काही बोलायच्या आत घाईघाईने म्हणाले, “उत्तर आत्ता नको. मी बसतो थांबून. कळीला हात लावणार नाही.” मी त्यांना त्या दिवशी हो म्हटलं नाही. वर आले आणि तुझ्या दादांच्या फोटोसमोर बसले. फोटोची काच लख्ख होती. आदल्या आठवड्यात चष्मेवाले बल्ब बदलायला वर आले होते, तेव्हा त्यांनीच पुसली होती, न सांगता. डागाळलेली काच त्यांना बघवत नाही. तिथे बसून मला इतकं स्वच्छ कळलं की या माणसाच्या घरात तुझ्या दादांना जागा करून द्यावी लागणार नाही, ती आधीच आहे. दोन दिवसांनी मी खाली जाऊन हो म्हटलं. लेकीला फोन केला तर ती कार्टी म्हणते, आई, मला कधीच कळलं होतं, हल्ली तुझ्या बोलण्यात तब्येतीपेक्षा तापमानच जास्त असतं.

राहिलीस तू. मागच्या खेपेला तू इथे असताना माझ्या मैत्रिणीने गमतीत माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता, आणि तू उठून धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली होतीस. ती तुझी पाठ माझ्या नजरेसमोरून जात नाही. म्हणून तर इतके दिवस पत्र लिहवेना आणि फोनवर बोलवेना. तुझी परवानगी मागत नाहीये, ती मागितली तर तुझ्यावर ओझं होईल. मागायचंय ते वेगळंच. नोंदणी कचेरीत तीन साक्षीदार लागतात. त्यांच्या बाजूने खाटीक, जुना दोस्त त्यांचा, आणि गॅसच्या दुकानातला माणूस असे दोघं येणार आहेत, तिसरी सही माझ्या बाजूची. माझ्या बाजूला माहेरचं आता कुणी उरलं नाही. लेक तयार आहे, पण मला तिची सही नकोय, तुझी हवीय. मी तुमच्या घरात आले तेव्हा तू पलीकडच्या बाजूला उभी होतीस, दादाची बहीण म्हणून, आणि हळूच माझा हात धरलास. या वेळी अलीकडे ये. मुलीकडची म्हणून. रडू आलं तर रड, मीही रडेन, कारकुनाला काय वाटायचं ते वाटू दे. आणि नाहीच जमलं तुला, तर नाही म्हण, मी धुसफुसणार नाही. पण तारीख मी अजून घेतलेली नाही. तुला कधी यायला जमेल ते कळव, मग घेते.

तुझीच, आणि पुढेही तुझीच,
वहिनी